पुढच्यास ठेच लागते तेव्हा मागचा कुठे असतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : १५ ऑगस्टला ऑफिसातले आणि सोसायटीतले मिळून २४ मोटारसायकली पुण्याहून ताम्हिणीमार्गे दिवेआगरला निघणार आहेत. निम्म्यांनी घाटात गाडी चालवलेली नाही. घरच्यांची समजूत तुम्ही 'एवढे सगळे बरोबर आहोत, काही झालं तर कोणीतरी असेलच' अशी घातली आहे. यात कितपत तथ्य आहे, काळजी काय घ्यावी आणि इंटरकॉम सगळ्यांनी घ्यावा का?

निम्मं तथ्य आहे. काही झाल्यानंतर उचलायला माणसं असतील, हे खरं. पण ते 'काही' होण्याची शक्यता तेवीस जण बरोबर असल्यामुळे वाढते, हे घरी कोणी सांगत नाही. गेली एकोणीस वर्षं मी गाड्यांचे ताफे घेऊन जातोय आणि नवीन लीड, म्हणजे सगळ्यात पुढे राहून गट नेणारे, तयार करतोय. माझं मत स्पष्ट आहे : २४ गाड्यांची एक राइड नसतेच. सहा-सहाच्या चार राइड असतात, ज्या नाश्त्याला आणि जेवणाला भेटतात. हे पटत नसेल तर पुढचा हिशेब स्वतः कागदावर करून बघा.

ताशी ६० किलोमीटरला गाडी सेकंदाला साधारण १७ मीटर जाते. दोन तिरप्या रांगा करून, म्हणजे एक गाडी लेनच्या उजव्या बाजूला, तिच्यामागे एका सेकंदाच्या अंतरावर दुसरी डाव्या बाजूला, अशा २४ गाड्या चालल्या तर पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत जवळजवळ ४०० मीटर होतात. हे सगळं शिस्तीत चाललं तर. एकामागे एक, दोन सेकंदांचं अंतर ठेवून चाललात तर पाऊण किलोमीटर. आता मागून ताशी ८० ने एखादी गाडी येते आणि तिला तुमच्यापुढे जायचंय. फरक ताशी २० चा, म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर. तुमची ४०० मीटरची वरात ओलांडायला तिला ७० च्या वर सेकंद लागतील आणि तेवढ्या वेळात ती चुकीच्या बाजूने दीड किलोमीटरहून जास्त धावलेली असेल. पौड सोडल्यावर एवढा सरळ, मोकळा रस्ता तुम्ही कुठे पाहिलाय? मग तो गाडीवाला काय करतो? निम्मी ओलांडतो, समोरून एसटी दिसते आणि तो तुमच्या रांगेत घुसतो. तुमच्या दहाव्या आणि अकराव्या गाडीच्या मधे. शिव्या आपण त्याला देतो, पण त्याला जागा कोणी ठेवली नव्हती?

सहा गाड्यांची रांग ८५ मीटरची होते. तीच गाडी पंधरा सेकंदांत पुढे जाते. पुढच्या सहा जणांपर्यंत मोकळी जागा आहे, म्हणून ती परत आपल्या लेनमध्ये येऊ शकते. गट पाडण्याचं पहिलं कारण एवढंच : आपण रस्त्यावर एकटे नसतो.

दुसरं कारण रांगेच्या आतलं आहे आणि जास्त वाईट आहे. आम्ही त्याला 'रबर' म्हणतो. गावाच्या वेशीवर गतिरोधक आला. चोवीसही गाड्या तिथे गोळा होतात. प्रत्येक जण तो पार करून वेग घ्यायला, पुढच्यापेक्षा समजा फक्त एक सेकंद जास्त लावतो. पुढचा मात्र पार होताच शांतपणे ६० ला लागलेला असतो. शेवटचा माणूस बाहेर पडेपर्यंत रांग जवळजवळ ४०० मीटरने ताणली गेली. ही फट भरून काढायला शेवटच्याला मिनिटभराहून जास्त वेळ ८० ने पळावं लागतं. पुढचा रात्री जेवताना सांगणार, 'आपण साठच्या वर गेलोच नाही.' तो खोटं बोलत नाही. पण त्याच राइडमध्ये शेवटचा दिवसभर ऐंशीने पळत होता, आणि शेवटी कोण असतो? जो सगळ्यात नवखा, ज्याची गाडी सगळ्यात लहान, जो बायकोला मागे बसवून आलाय आणि 'तुम्ही व्हा पुढे' म्हणतो, तो. म्हणजे ज्याने सगळ्यात सावकाश जायला हवं, त्यालाच रांग सगळ्यात वेगाने पळवते.

आकसताना याच्या उलट. पुढच्याने म्हैस दिसली म्हणून साठचा वेग पन्नासवर आणला. दुसरा त्याचा लाल दिवा बघून थोडा जास्त दाबतो, तिसरा आणखी थोडा. विसाव्यापर्यंत पोचता पोचता त्याचा करकचून ब्रेक झालेला असतो आणि म्हैस त्याला दिसलेलीसुद्धा नसते. 'पुढच्यास ठेच, मागचा शहाणा' ही म्हण चालणाऱ्यांच्या काळातली आहे. गाड्यांवर मागच्याला शहाणं व्हायला सेकंदभर मिळतो, तोही त्याने अंतर ठेवलं असेल तर.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. सप्टेंबर २०११, कुंभार्ली घाट. कराडहून चिपळूणला आम्ही १७ गाड्या उतरत होतो, मी पुढे. कोयनानगरनंतर पाऊस सुरू झाला तसे तिघे रेनकोट चढवायला थांबले. मला कळलंच नाही, कारण शेवटी जबाबदार माणूस ठेवायचा असतो हे तेव्हा आमच्या डोक्यात नव्हतं. पोफळीला खाली थांबून गाड्या मोजल्या तर चौदा. त्या तिघांतला एक जण आम्हाला गाठायच्या नादात उताराच्या डाव्या वळणावर बाहेर फेकला गेला होता. त्याची गाडी घसरत समोरच्या बाजूला गेली. वर चढणारा ट्रक पहिल्या गिअरमध्ये होता म्हणून थांबू शकला. खांद्याचं हाड आणि मनगट, एवढ्यावर निभावलं. मोबाइलला रेंज नव्हती. ट्रकवाल्यानेच त्याला आडोशाला बसवलं होतं. आम्ही परत वर पोचलो तेव्हा तो जे म्हणाला ते मी प्रत्येक नव्या लीडला सांगतो : 'दादा, तुम्ही दिसत नव्हतात, म्हणून.' तो वळण बघत नव्हता, आम्हाला शोधत होता. चूक त्याची नव्हती, माझी होती.

तेव्हापासून आमच्याकडे एक नियम आहे आणि बाकी सगळे विसरलात तरी हा विसरू नका. आरशात मागची गाडी दिसली पाहिजे. दिसत नसेल तर वेग कमी करा. तुम्ही कमी केलात की तुमच्या पुढच्याच्या आरशातून तुम्ही नाहीसे होता, मग तोही कमी करतो, आणि असं करत करत निरोप बिनफोनचा, बिनहॉर्नचा लीडपर्यंत पोचतो. सहाच्या गटात हे मिनिट-दोन मिनिटांत होतं. चोवीसच्या गटात होतच नाही, कारण मधे एक जण तरी आरसा फक्त केस बघायला वापरणारा निघतोच.

आता माणसाच्या मनाचं. एकटे असताना तुम्ही ओव्हरटेक करण्याआधी समोर बघता. गटात तुम्ही पुढच्याचा मागचा दिवा बघता. तो टँकरच्या पुढे गेला म्हणजे रस्ता मोकळा आहे असं गृहीत धरून तुम्हीही बाहेर पडता. त्याला मोकळा होता तीन सेकंदांपूर्वी. तीन सेकंदांत समोरून येणारी गाडी ५०-६० मीटर पुढे सरकलेली असते. यात भर म्हणून आपल्याकडे पुढे गेलेला मित्र हात हलवून 'ये, ये' करतो. मी हा हात बंद केलाय. आमच्या गटात पुढच्याने मागच्याला ओव्हरटेकसाठी बोलवायचं नाही, फार तर 'थांब' दाखवायचं. आणि ज्याने ओव्हरटेक केला त्याने टँकरच्या नाकासमोर रेंगाळायचं नाही, पुढे सरकून मागच्याला शिरायला जागा करून द्यायची. वेळ लागला तर लागू दे, टँकरमागे दोन किलोमीटर राहिल्याने दिवेआगरचा समुद्र आटत नाही.

दोन तिरप्या रांगांचं मघाशी म्हटलं, पण ती रचना मुळशीपर्यंतच, तीही रस्ता रुंद आणि नजर लांबवर जात असेल तिथे. घाटात, धुक्यात, खडबडीत रस्त्यावर आणि गावातून जाताना एकामागे एक. वळण घेताना प्रत्येकाला आपली पूर्ण लेन लागते, मधेच खड्डा आला तर डावी-उजवीकडे जायला जागा लागते. शेजारी-शेजारी गप्पा मारत जाणं कुठेच नाही. व्हिडिओत छान दिसतं, तेवढंच.

तुमच्या चार गटांत कोण कुठे, याला मी सगळ्यात जास्त वेळ देतो. लोक काय करतात? ज्याची गाडी मोठी तो लीड, उरलेला कोणीतरी स्वीप. आमच्याकडे उलट आहे. गटातला सगळ्यात शांत आणि अनुभवी माणूस स्वीप, म्हणजे शेवटी. अपघात, पंक्चर, तुटलेली क्लच केबल, घाबरलेला नवखा, सगळं त्याच्याच वाट्याला येतं, म्हणून पंक्चरचं किट, हवेचा पंप आणि प्रथमोपचाराची पेटी त्याच्याच गाडीवर. लीडला वेग नाही, संयम हवा. तो गाडी स्वतःसाठी चालवत नसतो. आणि नवखे, १२५ सीसीवाले, डबलसीट असलेले थेट लीडच्या मागे, दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकावर. रबराचा ताण तिथे सगळ्यात कमी असतो आणि त्यांच्याकडे बघून लीडला आपला वेग ठरवता येतो. काहींना हा अपमान वाटतो. 'मला काय लहान मूल समजता?' असं एकाने मला ऐकवलंय. मी म्हटलं, दुसरा क्रमांक हा पाहुण्याचा पाट आहे, बसा.

रस्ता चुकायच्या भीतीनेही लोक पळतात, म्हणून ती भीतीच काढून टाकायची. फाट्यावर लीडने आपल्यामागच्या एकाला सुरक्षित कडेला उभं करायचं. सगळे त्याला बघून वळतात. स्वीप दिसला की तो स्वीपच्या पुढे रांगेत शिरतो. पुढच्या फाट्याला पुढचा माणूस. ही पद्धत बसली की प्रत्येकाला खात्री असते : वळायचं असेल तिथे आपला माणूस उभा असणार, नसेल तर सरळ जायचं. तुमच्या वाटेवर अशा तीनच जागा महत्त्वाच्या. घाटाआधी लोणावळ्याकडे फुटणारा फाटा, घाट उतरल्यावर विळे, जिथून एक रस्ता कोलाडला जातो आणि एक निजामपूर-माणगावला, आणि माणगावात मुंबई-गोवा महामार्ग ओलांडून म्हसळ्याकडे वळताना. माणगावला जोडसुट्टीला वाहनं तासन्‌तास अडकलेली मी पाहिली आहेत. तिथे गट फुटणारच. फुटू द्या. 'सगळे एकत्रच पार होऊ' म्हणून एकाने महामार्गावर आडवी गाडी लावून वाहतूक अडवायची, हा प्रकार अजिबात नको. तो अधिकार तुमचा नाही, आणि समोरच्या ट्रकवाल्याला तुमच्या जॅकेटवरचा बिल्ला दिसत नाही.

आता ऑगस्टमधली ताम्हिणी. पाऊस आणि धुकं तर आहेच. पण ओल्या कातळाखालच्या वळणांवर शेवाळ धरतं, रस्त्यावर रंगवलेले पांढरे पट्टे साबणासारखे होतात, आणि दरडीतून खाली आलेली खडी नेमकी वळणाच्या आत असते. यात गटाची भर अशी की पुढच्या पाच गाड्यांच्या चाकांनी उडवलेला चिखल तुमच्या हेल्मेटच्या काचेवर येतो, त्यामुळे पावसात अंतर दुप्पट ठेवा. धुक्यात चारही इंडिकेटर चालू ठेवून पळायची फॅशन आहे. त्यामुळे तुम्ही कुठे वळताय ते मागच्याला कळत नाही आणि थांबलेली गाडी व चालती गाडी यातला फरकच पुसला जातो. साधा लो बीम पुरे. आणखी एक, १५ ऑगस्टला धबधब्यांपाशी वळणावरच मोटारी उभ्या असतील, दारं रस्त्याच्या बाजूला उघडतील, काही मंडळी नाचत असतील आणि दारूच्या तारेत असतील. तिथून ताशी २० ने जा. चढणाऱ्या वाहनाला वाट देणं हा घाटाचा नियम आहे, आणि ताम्हिणीत कोकणाकडे उतरताना उतरणारे तुम्ही आहात.

थांबण्याबद्दल मात्र कोणी विचार करत नाही. चोवीस गाड्यांना उभं राहायला केवढी जागा लागते? रस्त्याकडेला लावल्या तर साइडपट्टी संपून निम्म्या डांबरावर येतात. लोक उतरून हेल्मेट काढतात, फोटोसाठी रस्त्याच्या मधे जातात. मी पाहिलेल्या धडकांपैकी दोन उभ्या गाड्यांना बसलेल्या आहेत. म्हणून थांबे आधी ठरवा : पेट्रोल पंप, अंगण असलेलं हॉटेल. गटागटांत दहा मिनिटांचं अंतर ठेवा म्हणजे एक गट चहा संपवतो तेव्हा दुसरा पोचतो. पिरंगुटलाच टाक्या भरून घ्या. घाटात रेंज जाते, त्यामुळे 'फोन करतो' या शब्दावर काही अवलंबून ठेवू नका. पुढचा थांबा कोणता आणि तिथे किती वेळ वाट पाहायची, हे निघतानाच प्रत्येकाला माहीत हवं.

आणि झालाच अपघात तर गटाची पहिली चूक ठरलेली : सगळे धावत पडलेल्याकडे जातात. आधी दोघं जण मागच्या वळणापलीकडे आणि एक जण पुढच्या वळणापलीकडे, येणारी वाहनं थांबवायला. दुसरा अपघात टाळला की मग पहिल्याकडे बघायचं. श्वास नीट चालू असेल तर हेल्मेट ओढून काढू नका, मान हलते. पाणी पाजू नका. ॲम्ब्युलन्ससाठी १०८, नाहीतर ११२. रेंज नसेल तर एकाने रेंज असेल तिथवर सावकाश जायचं, तोही जीव घेऊन सुटायचा नाही. वाटेत अनोळखी माणूस पडलेला दिसला तरी थांबा. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४अ आलंय, सद्‌हेतूने मदत करणाऱ्यावर त्याबद्दल दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही.

स्वातंत्र्यदिन म्हणून झेंडे लावणार असाल तर गाडीला काठी नको. वाऱ्याने ती वाकते, मागच्याच्या तोंडावर येते, आणि कापड साखळीत गेलं तर झेंड्याचाही अपमान आणि मागच्या चाकाचाही. टाकीवर छोटा स्टिकर लावा. यावरून आठवलं, आपल्याकडची गाड्यांची सगळ्यात मोठी गर्दी अशा क्लबांची नसतेच. गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत नऊवारी आणि फेट्यात बुलेटवर निघणाऱ्या मुली, शिवजयंतीला गडावरून ज्योत घेऊन पळणाऱ्या पोरांच्या मागेपुढे रात्रभर रांगणाऱ्या गाड्या. कौतुकच आहे. पण फेटा हेल्मेटच्या जागी बसत नाही, आणि अंधारात महामार्गावर धावण्याच्या वेगाने जाणारी गाडी मागच्या कंटेनरवाल्याला थांबलेल्या गाडीसारखीच दिसते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालात २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यात जवळजवळ ४४.५ टक्के दुचाकीवरची. हेल्मेट नसलेले ५०,०२९, आणि त्यातले १४,३३७ मागे बसलेले. तुमच्या चोवीसांत डबलसीट किती आहेत, त्यांच्यासाठी आयएसआयचं हेल्मेट आहे का, की 'मागे बसणाऱ्याला काय होतंय' म्हणून टोपीसारखं काहीतरी आणलंय, हे आदल्या दिवशी पार्किंगमध्ये तपासा. निघताना तपासलंत तर 'आता असू दे' होतं.

वेगाचं कायद्यातही स्पष्ट आहे. २०१८ च्या केंद्राच्या अधिसूचनेत दुचाकीला दुभाजकाच्या चौपदरी रस्त्यावर ८० आणि इतर रस्त्यांवर ६० ची कमाल मर्यादा आहे. जिथे फलक कमी सांगतो तिथे फलक. मी गटाला प्रत्यक्षात लीडचा वेग ५०-५५ देतो, म्हणजे रबर ताणला तरी शेवटचा मर्यादेच्या आसपास राहतो. घाटात ३०-३५. 'बोअर होईल' असं म्हणणारे दोघे-तिघे निघतील. त्यांना वेगळं जाऊ द्या, मनापासून सांगतो. गटात नाराज होऊन मधूनच सुसाट पुढे जाणारा एक जण उरलेल्या पाचांना मोहात पाडतो.

शेवटी हेल्मेटमधल्या इंटरकॉमचं विचारलंत : सगळ्यांनी घ्यायची गरज नाही. प्रत्येक गटात लीड आणि स्वीप, दोघांकडे असला की झालं, आणि तोही 'खड्डा', 'एक जण थांबलाय', 'सगळे आले' एवढ्यापुरता. सहा जणांच्या कानात सहा जणांच्या गप्पा आणि वर गाणी सुरू झाली की समोरच्या एसटीचा हॉर्न कोणालाच ऐकू येत नाही. त्या पैशांत स्वीपच्या गाडीचे टायर बघा, बदलायला आले असतील.